जन्माची वाट आणि पहिल्या वर्षाची शिदोरी

(पिठोरी अमावास्या हा आपल्याकडील मातृदिन. त्यानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यात एका बालरोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. सिझेरियन प्रसूती आणि बालकांमधील ॲलर्जी यांविषयी घराघरांत जे प्रश्न विचारले जातात, त्यांचा ऊहापोह या भाषणात आहे.)



मातृदिनी आईच्या थोरवीविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी आज तिच्या मनावरील एका ओझ्याविषयी बोलणार आहे. आम्हा बालरोगतज्ज्ञांकडे इसबाने लाल झालेले, रात्रभर खाजवून कुरकुरणारे किंवा दर थंडीत छाती घरघरणारे बाळ घेऊन आई येते. सोबत बहुधा आजी असते, कधी आत्या असते. तपासणी होते, औषध लिहून होते, आणि मग सोबतचे कुणीतरी विचारते, "डॉक्टर, हिचे सिझर झाले ना, म्हणूनच हे सारे झाले असेल?" त्या प्रश्नाबरोबर आई मान खाली घालते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण आईला त्यात आरोप ऐकू येतो.

हा प्रश्न अगदी निराधार आहे असे नाही. त्यावर गेली वीस-पंचवीस वर्षे जगभर गांभीर्याने संशोधन झाले आहे. म्हणून त्याचे उत्तरही गांभीर्यानेच द्यायला हवे. उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकते. बाळ कोणत्या वाटेने जगात आले, याचा ॲलर्जीशी थोडासा संबंध आढळतो. परंतु पहिल्या वर्षात त्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याला फार मोठे महत्त्व आहे. जन्माची वाट पुष्कळदा आपल्या हाती नसते. पहिले वर्ष मात्र बव्हंशी आपल्या हाती असते.

ॲलर्जी म्हणजे काय?

आपल्या भाषेत 'वावडे' हा नेमका शब्द आहे. एखाद्याला अंड्याचे वावडे, एखाद्याला धुळीचे. ज्या वस्तूपासून शरीराला खरा धोका नाही, तिलाच शत्रू समजून शरीराची संरक्षणव्यवस्था तुटून पडते, यालाच ॲलर्जी म्हणतात. मग कुणाच्या त्वचेवर इसब उठतो, कुणाच्या अंगावर गांधी येतात, कुणाला शिंकांवर शिंका येतात, तर कुणाच्या श्वासनलिका आकसून दम्याचा झटका येतो.

नवजात बाळाच्या संरक्षणव्यवस्थेला आपले कोण आणि परके कोण, हे अजून शिकायचे असते. शत्रूवर धावून जाणाऱ्या पेशी जशा शरीरात असतात, तशा त्यांना आवर घालणाऱ्या पेशीही असतात. या दोहोंचा तोल साधणे हेच त्या शिक्षणाचे सार. या शिक्षणाची मोठी शाळा बाळाच्या आतड्यात भरते, आणि तिथले शिक्षक असतात कोट्यवधी सूक्ष्मजीव. अन्नाचे कण पाहून भडकायचे नाही, हे त्या सहवासात संरक्षणव्यवस्था शिकते.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकांनी मार्च १९५८ मधील एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती अभ्यासली. ज्या मुलांना थोरली भावंडे अधिक, त्यांना गवताच्या परागकणांमुळे होणारी सर्दी कमी, असे त्यांना आढळले. भरल्या घरात भावंडांकडून होणारा जंतुसंसर्ग कदाचित संरक्षण देत असावा, असा तर्क त्यांनी मांडला. तो तर्क पुढे बराच सुधारला गेला. आज रोगजंतूंपेक्षा निरुपद्रवी सूक्ष्मजीवांच्या सहवासावर अधिक भर दिला जातो. पण विचाराची दिशा तेव्हापासून बदलली.

जन्माच्या वेळी लागणारे विरजण

कोमट दुधाला चांगले विरजण वेळेवर लागले की दही छान लागते. विरजण लागलेच नाही, तर दूध तसेच राहत नाही. हवेतून, भांड्यातून जे जंतू पडतील ते तिथे वाढतात. नवजात बाळाच्या आतड्याचेही काहीसे असेच आहे. नैसर्गिक प्रसूतीत जन्ममार्गातून येताना बाळाच्या अंगाला, तोंडाला आईचे सूक्ष्मजीव लागतात. शस्त्रक्रियेने पोटातून थेट बाहेर काढलेल्या बाळाला ही भेट होत नाही.

२०१० मध्ये मारिया ग्लोरिया डोमिंगेझ-बेल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातील नऊ माता व त्यांची दहा नवजात बाळे यांची तपासणी केली. नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्या बाळांच्या अंगावर आईच्या जन्ममार्गातील जिवाणू आढळले. त्यांत लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दही विरजणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले, प्रामुख्याने होते. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या अंगावर त्वचेवर राहणारे जिवाणू अधिक होते.

अभ्यास छोटा होता. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ५९६ बाळांच्या शौचाचे नमुने तपासून अधिक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. सिझेरियनच्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइडिस हे आतड्यातील उपयुक्त जिवाणू फार कमी आढळले आणि रुग्णालयाच्या वातावरणात आढळणारे जिवाणू अधिक आढळले. आणखी एक गोष्ट त्यातून पुढे आली. बाळाकडे येणारे महत्त्वाचे जिवाणू मुख्यतः आईच्या आतड्यातून येतात, जन्ममार्गातील जिवाणूंचा वाटा त्या मानाने लहान असतो. पहिल्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गटांतील फरक बराचसा मिटलेला होता. बॅक्टेरॉइडिसची उणीव मात्र काही बाळांत टिकून होती.

शस्त्रक्रियेसोबत आणखी काही गोष्टी येतात. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आईला छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविक दिले जाते, आणि ते आवश्यकच असते. बाळ काही वेळ आईपासून दूर राहते. स्तनपानाला उशीर होतो. म्हणजे विरजण चुकते ते एकाच कारणाने चुकते असे नाही. यांपैकी काही कारणे टाळण्याजोगी आहेत, हे ध्यानात ठेवा.

संशोधनाचा कौल काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सिझेरियनच्या मुलांना ॲलर्जीचे विकार अधिक होतात का?

२००८ मध्ये २३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सिझेरियनने जन्मलेल्या मुलांमध्ये दम्याचा धोका सुमारे २० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसले. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचा नवा आढावा घेतला गेला, तेव्हाही बारा वर्षांपर्यंतच्या मुलांबाबत हाच आकडा, २१ टक्के, पुढे आला. स्वीडनमध्ये २००१ ते २०१२ या काळात जन्मलेल्या सुमारे १० लाख ८६ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तेथे अन्नाच्या वावड्याचे निदान सिझेरियनच्या मुलांत २१ टक्क्यांनी अधिक होते.

मात्र दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्या मातांचे सिझेरियन करावे लागते, त्यांच्यापैकी अनेकींना आधीच दमा, स्थूलता, रक्तदाब यांसारखे त्रास असतात. काही बाळे अपुऱ्या दिवसांची असतात. मग मुलाला पुढे दमा झाला, तर दोष शस्त्रक्रियेचा की आनुवंशिकतेचा? हे तपासण्यासाठी स्वीडनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये एकाच आईच्या मुलांची तुलना केली. भावंडांच्या ८७,५०० जोड्या अभ्यासल्या. घर तेच आणि आईवडीलही तेच असताना, ठरवून केलेल्या सिझेरियनचा दम्याशी दिसणारा संबंध नाहीसा झाला. तातडीने केलेल्या सिझेरियनचा संबंध मात्र शिल्लक राहिला. आता गंमत पाहा. तातडीच्या सिझेरियनमध्ये कळा येऊन गेलेल्या असतात, पुष्कळदा गर्भजलाची पिशवीही फुटलेली असते. त्यामुळे जन्ममार्गातील जंतूंची थोडीफार भेट तिथेच अधिक घडते. अर्थात केवळ जंतूंची भेट चुकली एवढ्यानेच सारे घडते, असे म्हणता येत नाही.

अन्नाच्या वावड्याबाबतही एकमत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील हेल्थनट्स अभ्यासात बाळांना रुग्णालयाच्या देखरेखीखाली ते अन्न प्रत्यक्ष खाऊ घालून निदान पक्के केले होते. २०२२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत प्रसूतीची पद्धत आणि अन्नाचे वावडे यांचा काही संबंध आढळला नाही.

थोडक्यात, दम्याबाबत लहानसा पण पुन्हा पुन्हा दिसणारा संबंध आहे. अन्नाच्या वावड्याबाबत निकाल उलटसुलट आहेत. आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे होत नाही.

वीस टक्के म्हणजे किती?

वीस टक्के हा आकडा ऐकून पुष्कळ जण घाबरतात. शंभरातील वीस मुलांना सिझेरियनमुळे दमा होणार, असा त्याचा अर्थ घेतला जातो. तो चुकीचा आहे. समजा, नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्या शंभर मुलांपैकी पाच जणांना दमा होतो. वीस टक्के अधिक म्हणजे सिझेरियनच्या शंभर मुलांपैकी सहा जणांना. उरलेल्या चौऱ्याण्णवांना दमा नाही. आणि त्या सहांपैकी पाच जणांना तो एरवीही झालाच असता.

एका घरापुरता हा फरक किरकोळ आहे. पण लाखो प्रसूतींच्या पातळीवर तोच फरक हजारो मुलांचा होतो. म्हणून आईने स्वतःला दोष देऊ नये, आणि समाजाने मात्र हा विषय हलका मानू नये.

हवी तेव्हा शस्त्रक्रिया, नको तेव्हा नको

बाळ आडवे असते, वार खाली सरकलेली असते, बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, आईचा रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जातो. अशा वेळी सिझेरियन हे वरदान आहे. सुश्रुतसंहितेत 'मूढगर्भ' हे स्वतंत्र प्रकरण आहे. अडलेल्या बाळंतपणाने आपल्या पूर्वजांना किती ग्रासले होते, हे त्यावरून कळते. त्या काळी जे हाती नव्हते ते आज आहे. पुढे कधीतरी दमा होईल या भीतीने आवश्यक शस्त्रक्रिया नाकारणे, हा आई आणि बाळ या दोघांच्या जिवाशी खेळ ठरेल.

पण सगळ्याच शस्त्रक्रिया आवश्यक असतात का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील ८.५ टक्के प्रसूती सिझेरियनने होत होत्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के. त्या शेवटच्या फेरीत सरकारी रुग्णालयांत ते १४.३ टक्के होते, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के. एकीकडे तेलंगणात ६०.७ टक्के, तर दुसरीकडे नागालँडमध्ये ५.२ टक्के. स्त्रियांची शरीरे प्रांतागणिक इतकी बदलत नाहीत. एका ठिकाणी नको असताना शस्त्रक्रिया होते आणि दुसऱ्या ठिकाणी हवी असूनही ती मिळत नाही, असाच याचा अर्थ आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले की, लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढते तोवर माता व नवजात यांचे मृत्यू घटतात. त्यापुढे प्रमाण वाढल्याने मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही.

सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. कळांची भीती, वेळेची सोय आणि मुहूर्ताचा हट्ट या गोष्टी घरातूनच येतात. मुहूर्ताविषयी याच व्यासपीठावरून स्पष्ट बोलले पाहिजे. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हा त्याच दिवशी सिझेरियन करावे, अशा विनंत्या अनेक ठिकाणी गर्भवतींनी केल्याच्या बातम्या आपण वाचल्या. भावना मी समजू शकते. पण विवाहाचा मुहूर्त आपण ठरवतो, जन्माची वेळ बाळाने ठरवायची असते. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी, वैद्यकीय कारण नसताना बाळ बाहेर काढले, तर त्याला श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. कळा सुरू झाल्यावर बाळाच्या शरीरात जे बदल होतात, त्यांमुळे फुप्फुसांतील द्रव शोषला जाऊन ती श्वासासाठी सज्ज होतात. ही तयारी अपुरी ठेवून साधलेला मुहूर्त शुभ कसा म्हणावा?

नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढवणारी एक साधी गोष्ट आहे. कळा सुरू असताना जिव्हाळ्याचे माणूस सतत जवळ असावे. सुमारे १६ हजार स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी सोबत लाभलेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी आढळले. पाठीवरून हात फिरवणारी, धीर देणारी अनुभवी बाई हे आपल्या बाळंतपणाचे जुनेच वैभव आहे. रुग्णालय निवडताना अशी सोबत चालेल का, हे आधी विचारा.

पहिल्या वर्षाची शिदोरी

आता सर्वांत आशादायक संशोधन. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे ७०० मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सिझेरियनने जन्मलेल्या ज्या मुलांच्या आतड्यातील जिवाणूंवर वर्षाच्या वयातही सिझेरियनची छाप टिकून होती, त्यांनाच सहाव्या वर्षी दम्याचा अधिक धोका दिसला. ज्यांचे जिवाणू वर्षभरात नीट परिपक्व झाले, त्यांच्यात हा वाढीव धोका आढळला नाही. म्हणजे विरजण उशिरा लागले तरी दही लागू शकते! मग या वर्षात आपण काय करावे?

पहिली गोष्ट, आईचे दूध. या दुधात काही विशिष्ट शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया या हितकारक जिवाणूंचे अन्न असतात. निसर्गाने दुधात बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंचीही पंगत मांडली आहे. असे असताना २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार आपल्या देशात जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बाळे केवळ ४१.८ टक्के होती. सिझेरियनमध्ये बहुधा मणक्यातून भूल दिलेली असते आणि आई जागी असते. बाळ व आई ठीक असतील, तर बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवता येते, कुशीवर घेऊन पाजता येते. याची विनंती आधीच करून ठेवा. पहिला पिवळसर चीक पिळून टाकण्याची चाल काही घरांत अजूनही आहे. तो चीक म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण आहे, त्याचा थेंबही वाया घालवू नका.

दुसरी गोष्ट, सहा महिने केवळ आईचे दूध. पाणीही नको, गुटीही नको. मध तर वर्षापर्यंत मुळीच नको, कारण त्यातून क्वचित का होईना, पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. न्हाऊमाखू घातल्यावर बाळाला शेगडीची धुरी देण्याची चालही सोडून द्यावी. धूर कोवळ्या श्वासनलिकांना जाचतो. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती आणि घरातील पुरुषांची विडी-सिगारेट यांनाही हेच लागू आहे. परंपरेतले उत्तम जपायचे असेल, तर त्यातले अपायकारक सोडण्याचे धैर्यही हवे.

तिसरी गोष्ट, प्रतिजैविकांचा संयम. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. मागच्या वेळची बाटली उघडून दोन चमचे पाजणे म्हणजे उगवू लागलेल्या शेतात नांगर फिरवणे आहे. डॉक्टरांनी गरज म्हणून दिले, तर मात्र सांगितलेले दिवस पूर्ण द्यावे.

चौथी गोष्ट, उष्टावण. सहाव्या महिन्याच्या सुमारास अन्न सुरू करण्याची आपली रीत शास्त्राला धरून आहे. त्यानंतर वावड्याच्या भीतीने पदार्थ लांबणीवर टाकू नयेत. लंडनमध्ये इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केलेल्या मुलांपैकी पाचव्या वर्षी सुमारे ३ टक्के मुलांना त्याचे वावडे होते, तर तो टाळलेल्या मुलांपैकी सुमारे १७ टक्क्यांना. शेंगदाणा अखंड देऊ नका, घशात अडकतो. कूट बारीक करून मऊ अन्नात कालवा. बाळाला तीव्र इसब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाचवी गोष्ट, मोकळे अंगण आणि माणसांचा सहवास. रांगते बाळ मातीत खेळले, आजोबांच्या मांडीवर बसले, भावंडांत लोळले, तर बिघडत नाही. स्वच्छता हवी, पण घराचे शस्त्रक्रियागृह करू नये.

एक इशाराही देते. आईच्या जन्ममार्गातील स्राव कापसाने बाळाच्या अंगाला फासण्याचा प्रयोग काही देशांत चर्चेत आला. त्यातून बाळाला घातक जंतूंची लागण होऊ शकते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच संशोधनाबाहेर असे करू नये, असा सल्ला दिला. घरी असले काही करू नका.

कुटुंबाचे कर्तव्य

भगिनींनो आणि बंधूंनो, या शिदोरीतील एकही गोष्ट आई एकटी भरू शकत नाही. टाके ओले असताना बाळाला पाजायचे, तर उशी लावणारा हात हवा. सहा महिने अंगावर पाजायचे, तर तिला विश्रांती, पोटभर अन्न आणि कामातून सवड हवी. घर धूरमुक्त ठेवायचे, तर पुरुषांनी संयम पाळायला हवा. "वरचे दूध घाला, हिचे दूध पुरत नाही" असे म्हणणाऱ्यांना थोपवणारी एक समंजस सासू हवी.

म्हणून घरोघरी एवढा निरोप न्या. ज्या घरात सिझेरियन झाले असेल, त्या घरातील सुनेला कुणी "का झाले" असे विचारू नये, "काय हवे" असे विचारावे. ज्या घरात बाळ यायचे असेल, त्या घराने पंचांग उघडण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. आणि ज्याच्या अंगावर इसब आहे, त्या बाळाच्या आईला सांगावे की, बाई, तुझ्याकडून काही चुकलेले नाही. औषध नीट लाव, अंगावर पाजत राहा, बाकीचे आम्ही पाहतो.